सप्लाय चेनचं एमबीए: नावाआधी दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम बघ

परभणीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेस. कर्ज काढून पुण्याच्या खासगी विद्यापीठात 'सप्लाय चेन'चं (म्हणजे माल मागवण्यापासून पोचवण्यापर्यंतच्या साखळीचं) एमबीए करू, की संभाजीनगरला साध्या एमबीएत ऑपरेशन्स (उत्पादन आणि कामकाजाचं नियोजन) हा विषय घेऊ, असं तू विचारलंस. वाळूजच्या कारखान्यांत खरेदी आणि प्लॅनिंगमध्ये माझी १७ वर्षं गेली, त्यावरून सांगतो.

आधी पैशाचं. २०२४च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश सीईटी देऊन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत, मॅनेजमेंट कोटाही नाही. 'सीट आजच बुक करा' म्हणणाऱ्याला लेकरा, एक रुपयाही देऊ नकोस.

आता मूळ मुद्दा. मुलाखतीला आलेल्या पोरांना मी एकच गणित घालतो: लाइनला रोज ४०० नग लागतात, व्हेंडर माल द्यायला ६ दिवस घेतो, कधीकधी ३ दिवस उशीर करतो. स्टोअरमध्ये किती नग उरले की ऑर्डर टाकशील? २,४०० म्हणणारे बरेच भेटतात. उशिराचे १,२०० धरून ३,६०० म्हणणारे थोडे. मागे एका मुलाच्या पदवीवर 'ग्लोबल लॉजिस्टिक्स' छापलेलं होतं, त्याला हे सुटेना. वाईट वाटलं, कारण बापाने शेत गहाण ठेवलं होतं.

म्हणून दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवून घे. मागणीचा अंदाज, इन्व्हेंटरी (मालाचा साठा), एमआरपी (कच्चा माल किती, कधी लागेल याचं नियोजन; छापील किंमत नव्हे), वाहतुकीची गणितं, एक्सेलवर प्रत्यक्ष काम हे त्यात आहे का? नुसत्या व्याख्या असतील तर सोड. मग मागच्या बॅचच्या दोन मुलांना फोन कर आणि विचार, इंटर्नशिपमध्ये तुमच्याकडे काय काम दिलं होतं. शॉर्टेजची यादी काढली, व्हेंडरच्या मागे लागलो, जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी) तपासले, असं सांगितलं तर कॉलेज कामाचं. प्लेसमेंटच्या आकड्यांपेक्षा मी या उत्तराला जास्त मानतो.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींतून २५ लाख. गाडी धावणं हा त्यातला सोपा भाग होता. मिरजेत वाघिणी भरायच्या, लातूरला रिकाम्या करायच्या, पाणी शुद्ध करून गल्लीपर्यंत पोचवायचं, रिकामी गाडी परत पाठवायची. यातलं सगळ्यात संथ काम जितकं चालेल तितकंच पाणी माणसाला मिळणार. हे ज्या वर्गात आकडे मांडून शिकवतात, तिथे बस.

कर्ज काढावं असं एक ठिकाण मात्र आहे: आयआयएम मुंबई, म्हणजे १९६३ सालची जुनी नीटी. २०२३ मध्ये ती आयआयएम झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन हे तिचं मूळ बळ. कॅटची तयारी करायची ताकद असेल तर एक वर्ष थांबलीस तरी चालेल. नाशिकचं सिम्बायोसिसचं ऑपरेशन्सचं कॉलेजही नावाजलेलं आहे, पण तिथली फी वडिलांसोबत बसून, व्याज धरून मोज.

हे काही जमलं नाही तर संभाजीनगर. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा बसच्या अंतरावर आहेत, शनिवारी कारखान्यात जाता येतं. सीईटीचा फॉर्म सुटला की लगेच भर, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेव. ऐन प्रवेशाच्या वेळी तहसीलला रांग लागते.