अठराव्या वाढदिवसाआधी

बाळा,

तू मला ‘अम्मी’ अशी हाक मारलीस तेव्हा मी क्षणभर गडबडलो. तुमच्या दारिजात, म्हणजे मोरोक्कोच्या बोलीतल्या अरबीत, अम्मी म्हणजे काका. आमच्या रत्नागिरीत माझ्या कितीतरी दोस्तांच्या घरी अम्मी म्हणजे आई. त्या हाकेनं मला आज लिहायला बसवलं. मनातलं नीट उतरतं ते मराठीतच, तेव्हा फोनवर भाषांतर करून वाच.

मार्चमध्ये तुला अठरा पूर्ण होतील आणि त्याआधी काहीही करून समुद्रापलीकडे स्पेनला पोचायचं, असं तू म्हणालास. त्यामागचा हिशोब मला कळतो. एकट्या अल्पवयीन मुलाला स्पेन सहसा परत पाठवत नाही, अठरा उलटली की ते छत्र जातं. म्हणून तू दिवस मोजतोयस. तुला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एका खोलीत सहा माणसं, पहाटेपासून मासळी साफ करून सोललेले आईचे हात, आणि गच्चीवर गेलं की एकीकडे राजा हसन दुसरे यांच्या मशिदीचा सुमारे 200 मीटर उंच मिनार, दुसरीकडे बंदराच्या क्रेन. कोणाचंही मन उडेल. पण लपून जहाजावर चढायचं म्हणतोस, तिथे मला बोलायलाच हवं.

मी तीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली, वायपर, म्हणजे इंजिनरूमची साफसफाई करणारा, म्हणून लागलो आणि फिटर होऊन निवृत्त झालो. तुमच्याच कासाब्लांकात फॉस्फेट भरून आमचं जहाज भारताकडे निघालं होतं, खताच्या कारखान्यांसाठी. दुसऱ्या रात्री दोरखंडांच्या स्टोअरमध्ये एक पोरगा सापडला. ओठ फुटलेले, पँट ग्रीसनं माखलेली, हातात पाण्याची रिकामी बाटली. बाहेर आणल्यावर पहिला शब्द बोलला, “फ्रांसा?” मोरोक्को आणि स्पेनमधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी 14 किलोमीटरांची. स्पेनचे दिवे त्याच्या उशाशी येऊन मागे गेले होते आणि तो अंधारात बसून होता. मी त्याला नकाशावर बोट ठेवून सुएझ दाखवला, मग लाल समुद्र, मग भारत. तो बोटाकडे बघत राहिला. रडला नाही, ते मला जास्त लागलं. पुढे कुठलंच बंदर त्याला उतरवून घेईना. केबिनला बाहेरून कडी, वेळेवर जेवण, असा तो पन्नासच्या वर दिवस आमच्याबरोबर फिरला आणि शेवटी विमानानं तुमच्याच शहरात परत गेला.

तो नशीबवान. नांगराच्या साखळीच्या खोलीत लपलेला माणूस नांगर सुटताना वाचत नाही. सुकाणूच्या वरच्या पोकळीत बसणाऱ्याला लाट ओढून नेते. कीड मारायला विषारी वायू सोडलेल्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, तर श्वासच विष होतो. तुझ्याकडून पैसे मागणारा तो दलाल यातलं काही सांगणार नाही. त्याला एक दिरहमही देऊ नकोस.

तुमच्याकडे या जाण्याला ‘हरीग’ म्हणतात, म्हणजे जाळणं. ओळख पटू नये म्हणून कागद जाळायचे. बाळा, आम्हा खलाशांचं सगळं आयुष्य सीडीसी नावाच्या एका छोट्या पुस्तिकेत असतं. ती हरवली तर हातात कितीही कसब असो, कोणी जहाजावर घेत नाही. तुझा जन्मदाखला, ओळखपत्र, शाळेचे निकाल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आईकडे ठेव. दोस्तांबरोबर मस्ती करताना खिशात बाळगू नकोस.

आणि त्याच अठराव्या वाढदिवसाचं आणखी एक ऐक. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे 16 च्या आतल्याला जहाजावर नोकरी देता येत नाही आणि 18 च्या आतल्याला रात्रपाळी, धोक्याची कामं देता येत नाहीत. म्हणजे मार्चमध्ये तिकडचं एक दार बंद होतं, तेव्हाच जहाजाचं दार तुझ्यासाठी पुरतं उघडतं.

तुमच्याच शहरात सागरी अभ्यासाची उच्च संस्था आहे, तिथे डेक आणि इंजिनचे अधिकारी घडतात. त्यासाठी बॅक, म्हणजे तुमची बारावीसारखी परीक्षा, पास व्हावं लागेल, वर प्रवेश परीक्षा. गणितात तू मागे आहेस, तेव्हा हा रस्ता लांबचा. नाही जमलं तर ओएफपीपीटी या तुमच्या सरकारी व्यवसाय-प्रशिक्षण संस्थेच्या केंद्रात वेल्डिंग किंवा डिझेल मेकॅनिकचा कोर्स कर. मी वेल्डिंगवरच पोट भरलं, त्या कामाला कोणतंही बंदर नाही म्हणत नाही. तुला दारिजा, अरबी आणि फ्रेंच येते. तुझ्या वयात मला मराठी आणि मोडकंतोडकं हिंदी येत होतं. इंग्रजी तेवढी पक्की कर, बहुतेक जहाजांवरचे हुकूम त्याच भाषेत सुटतात.

रात्री क्रेटमधून पडलेली सार्डिन वेचून विकतोस, त्यात लाज नाही. पण पहाटे दोनला परतून सकाळी वर्गात झोपतोस, ते थांबव. शनिवारी रात्री जा, बाकीचे दिवस नको. आणि गोदामामागे चिंधीवर गोंद हुंगणारी पोरं बोलावतात तेव्हा उभाही राहू नकोस, तसाच चालत राहा.

ओएफपीपीटीची प्रवेश नोंदणी कधी उघडते ते या आठवड्यात स्वतः जाऊन विचारून ये, आणि आईला बरोबर ने. तिला फ्रेंच वाचता येत नाही म्हणालास ना? फॉर्म तू वाचून दाखव. भरलेल्या फॉर्मचा फोटो मला पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
अम्मी