बुडतं गाव सोडू नकोस

बाई,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. शेवटी प्रश्न एवढाच होता, की बॅनिश्ड, तो गाव वसवून जगवायचा गेम, लॅपटॉपवरून काढून टाकू का. बाबा म्हणतात टाइमपास आहे, दादा म्हणतो त्यापेक्षा फोनवरचा तो गोळीबाराचा बीजीएमआय खेळ, आणि तुलाही हल्ली मजा येत नाही. बाबांचं आणि दादाचं नंतर बघू. मजा का येत नाही ते तू स्वतःच लिहून ठेवलं आहेस, फक्त तुझ्या लक्षात आलेलं नाही. "हिवाळ्यात माणसं मरायला लागली की मी आधीचा सेव्ह उघडते." सगळे तसंच करतात, अशा थाटात लिहिलंस. करतातच सगळे. आणि सगळ्यांनाच महिन्याभरात कंटाळा येतो.

जुना सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला डाव, उघडून मागे जाऊ नकोस. मला सांगायचंय ते एवढंच. पत्र लांबणार आहे, कारण एवढ्यानं तुला पटणार नाही हे मला माहीत आहे.

तुझं ऐंशी माणसांचं गाव तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात उपाशी मेलं. तू वर्षभर मागे गेलीस, दोन शेतं वाढवलीस, कोळ्यांची एक झोपडी टाकलीस, आणि गाव पुन्हा मेलं. मग तू गेमलाच दोष दिलास. अगं, त्या वर्षी अन्न कमी पडलं हे खरं, पण कमी का पडलं? तुझ्या लोहाराकडचं लोखंड केव्हाच संपलं होतं. अवजारं झिजली, नवी झाली नाहीत, बिनअवजारांचा माणूस निम्मंशिम्मं काम करतो, पीक काढायच्या आतच बर्फ पडलं आणि उभं पीक गेलं. किंवा दुसरंही असू शकतं. तू सुरुवातीला एकदम खूप घरं बांधलीस, सगळी जोडपी एकाच वेळी संसाराला लागली, पोरं एकदम झाली, खाणारी तोंडं वाढली. पुढे ती पिढी एकदमच म्हातारी होणार, आणि मधल्या काळात तू नवी घरं बांधली नाहीस तर तरुणांना वेगळं राहायला जागा नाही आणि गावात पाळणा हलणार नाही. या खेळात शत्रू नाही, तलवार नाही, पैसासुद्धा नाही. होडीनं येणाऱ्या व्यापाऱ्याला मालाच्या बदल्यात मालच द्यावा लागतो. तुला मारलं ते तुझ्याच जुन्या निर्णयानं. वर्षभरापूर्वीचा सेव्ह उघडून त्या निर्णयापर्यंत तू पोचतच नाहीस. पोचलीस तरी तुला तो ओळखू येणार नाही, कारण घेतला तेव्हा तो चांगला दिसत होता.

तू यवतमाळ जिल्ह्यातली पोरगी आहेस, तुला हे मी समजावून सांगावं लागू नये. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडच्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, वाट लावली तेव्हा तू शाळेत असशील. सगळे म्हणत होते, यंदा अळी आली. यंदा? तेव्हा बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाणं यायचं, अळी बीटीला सरावू नये म्हणून ते बांधाकडेनं लावायचं असायचं, ते किती जणांनी किती वर्षं लावलं नव्हतं? एक-दोन वेचे जास्त मिळतात म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी, मार्चपर्यंत कोणी उभी ठेवली? अळीला वर्षभर जेवण आपणच पुरवलं. नुकसान दिसलं 2017 ला, ठरलं होतं त्याच्या कितीतरी आधी. बॅनिश्डमध्ये तेच घडतं, फक्त एका संध्याकाळीत घडतं आणि कुणाच्या डोक्यावर कर्ज राहत नाही.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो, नाहीतर तू घरी जाऊन भलतंच सांगशील. या खेळांमुळे शेती कळते असं मी म्हणत नाही. जो म्हणतो त्याला मे महिन्यात दुपारी एक वाजता वखरणीला पाठवावं. शेतात हरलं की घर हलतं, आणि आपल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो हे तुला मी लिहून सांगायची गरज नाही. खेळात हरण्याची किंमत शून्य आहे. शून्य! आणि जिथे हरणं फुकट आहे तिथेसुद्धा तुला हरायचं नाही? तिथेही तू मागचं दार उघडं ठेवून बसतेस? याचाच मला राग येतो.

हे खेळ बनवणाऱ्यांतल्या शहाण्या लोकांनी ते दार स्वतःच बंद केलेलं असतं. द लाँग डार्क म्हणून एक आहे. कॅनडाच्या उत्तरेतल्या बर्फात तू एकटी, काड्यापेटीतल्या काड्या मोजून वापरायच्या, अंगावरचे कपडे ओले झाले तर थंडी लांडग्याच्या आधी मारते. त्यातल्या जगून राहायच्या मुख्य प्रकाराचा मूळ नियम असा, की मेलीस की सेव्ह पुसला जातो. एक्सकॉम या डावपेचांच्या लढाईच्या खेळात आयर्नमॅन नावाची सोय आहे, त्यात पूर्ण मोहिमेला एकच सेव्ह, चाल खेळली की खेळली. ड्वार्फ फोर्ट्रेस खेळणाऱ्यांचं तर ब्रीदच आहे की हरण्यात मजा आहे. तुझ्या लॅपटॉपवर फ्रॉस्टपंक चालणार नाही, पण पुढे कधी चांगली मशीन मिळाली तर खेळ. 2018 चा आहे, पोलंडच्या वॉर्सामधल्या लोकांनी केलेला. गोठलेल्या जगात कोळशाच्या एका भट्टीभोवती शहर. कोळसा कमी पडला की गेम विचारतो, मुलांना कामाला लावायचं का? कायद्यावर एकदा सही केलीस की तो मागे घेता येत नाही. मग तू म्हणतेस, आणीबाणी संपली की बघू. आणीबाणी संपत नाही. शेवटी तुझं शहर पहिल्या दिवसापासून कसं वाढलं ते भराभर दाखवतात, आणि कुठल्या रेघा ओलांडल्या तेही सांगतात. त्याच लोकांचा आधीचा खेळ, धिस वॉर ऑफ माइन, 2014 चा. साराजेव्होला 1992 ते 1996 वेढा पडला होता, त्यावरून सुचलेला. तुझ्या हाती सैनिक नाहीत, पडक्या घरात लपलेली साधी माणसं आहेत. रात्री एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून औषधं आणि डबे उचलून आणता येतात, ते काही प्रतिकारही करत नाहीत. आणल्यावर तुझ्याच घरातली माणसं खचतात. पोलंड सरकारनं 2020 मध्ये हा खेळ शाळांसाठी सुचवलेल्या साहित्यात घेतला. आता ते औषध चोरल्यावर तू सेव्ह उघडून परत ठेवलंस, तर तुला काय मिळालं? औषधही नाही, आणि टोचणीही नाही.

मागे जाऊ नकोस.

लाईन गेली, लॅपटॉप बंद पडला, गेम अडकला, तर खुशाल मागे जा. त्याला मी हिशेबात धरत नाही. तुमच्याकडे रात्रीच्या विजेचं काय चालतं ते मला ठाऊक आहे.

मी दारव्ह्याला बसस्टँडजवळ सायबर कॅफे सुरू केला तेव्हा तुझा जन्मही नव्हता. तिथे पोट्टे एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग खेळायचे, 1999 चा. तो अजून खेळतात, 2019 ला त्याची नवी आवृत्ती आली, जगभर स्पर्धा होतात. सुरुवातीला हाताशी तीन गावकरी, एक घोडेस्वार, चार मेंढ्या, बाकी नकाशा काळा. गावकरी तयार करायला पन्नास अन्न लागतं, आणि टाउन सेंटर, म्हणजे गावकरी तयार करणारी मुख्य इमारत, क्षणभर रिकामं राहिलं तर तो क्षण पुढे तासाभरानं अंगावर येतो. रानडुकरानं एक गावकरी मारला की बहुतेक पोट्टे म्हणायचे, "थांब बे, नवीन लाव." कितीकांचा तास नवीन लावण्यातच जायचा. एक पोरगा मात्र होता, तो कधी उठायचा नाही. सगळं गाव जळालं तरी उरलेला एक गावकरी नकाशाच्या कोपऱ्यात झाडांमागे नेऊन ठेवायचा, लाकूड तोडायचा, दगड जमवायचा, आणि तिथे नवं टाउन सेंटर उभं करायचा. बाकीचे आधी हसायचे. मग त्याला शोधत फिरायचे. मग हसणं बंद. बहुतेक वेळा तो तरी हरायचाच. तो आता काय करतो मला माहीत नाही. तो कलेक्टर झाला असं सांगून मी तुला गुंडाळणार नाही. तो सगळ्यांत जास्त खेळला, एवढंच मला म्हणायचंय. बाकीचे नुसते सुरुवाती करत होते.

गावात तेव्हा बोललं जायचं, "थो पोट्ट्याइले बिघडवून रायला." मी बाहेर कॉम्प्युटर क्लासची पाटी लावली आणि गप्प बसलो. या खेळांत काय आहे हे एकालाही तोंडावर सांगितलं नाही, याची रुखरुख आहे. 2016 नंतर प्रत्येकाच्या खिशात नेट आलं आणि कॅफे बंद झाला, मग सांगायचं कोणाला? घरी अजून ऐकावं लागतं की तेवढ्या तासांत दोन एकर ओलीत झालं असतं. झालं नसतं. तेवढ्या तासांत मी टीव्ही पाहिला असता, जसा बाकीच्यांनी पाहिला. टीव्हीनं मला कधी विचारलं नाही की शाळा बांधतोस की शेत.

आता तुझे बाबा. ते गेम म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर रमीचं ॲप असतं, त्यात तुमच्या गल्लीतल्या कोणाचे किती गेले तेही असतं. त्यांचं चुकत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कायदाच केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं धरलं. हा फरक त्यांना शांतपणे सांग, वाद घालू नकोस. नाहीच पटलं तर नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव काढ. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला तिनं कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून बुद्धिबळाला टाइमपास म्हणायची विदर्भात कोणाची छाती नाही. आणि बुद्धिबळाचा पहिला नियम काय? हात लावला तो मोहरा चालवायचा. तुझ्या लोड बटणाला तिथे जागा नाही.

दादाचं सोडून दे. बीजीएमआय वाईट नाही, त्यात जुना सेव्ह उघडून मागे जाता येत नाही, तेवढं तरी बरं आहे. पण फोनवरचे ते राज्य उभारायचे फुकट गेम त्यानं तुझ्या गळ्यात मारले तर घेऊ नकोस. घर बांधायला आठ तास थांब, नाहीतर पैसे भर. तिथे चूकसुद्धा विकत परत घेता येते. त्यांना मी डावपेचाचे खेळ मानतच नाही. आणि जगून राहायचे म्हणवणारे ते खेळ, ज्यांत दर दोन मिनिटांनी भुकेची पट्टी भरत बसायचं, तेही सोड. ती नुसती धुणीभांडी आहेत.

सुरुवातीला काय कोणत्या क्रमानं बांधायचं याची यूट्यूबवरची अचूक यादी पाठवा म्हणालीस. नाही पाठवणार. दुसऱ्याचा पाठ केलेला डाव खेळायचा असेल तर तू कशाला हवीस? मागे जाणं आणि पाठ केलेलं खेळणं ही एकाच भीतीची दोन रूपं आहेत, आणि ती भीती तुझ्या वयाला शोभत नाही. स्पर्धा परीक्षेच्या क्लासनं तुमची अशी सवय केली आहे की प्रत्येक प्रश्नाला मागच्या पानावर उत्तर असतं. इथे मागचं पान नाही.

तर काय करायचं? ते मेलेलं गाव अजून ठेवलं आहेस का? असेल तर उघड, आणि यावेळी मरू दे. ऐंशीचे बारा होऊ देत. मग पॉज कर आणि बघ, बारांत म्हातारे किती, अवजारं किती, सरपण किती, कोण कुठल्या घरात राहतं. जास्तीचे कामधंदे बंद कर, दोन माणसं सरपणाला, बाकी सगळे रानात फळं-कंदांना आणि शिकारीला. एखाद्या घरात एकटा म्हातारा राहत असेल आणि तरुण आई-बापाकडेच अडकले असतील, तर जोडप्यासाठी एक घर बांध. एकच. गाव वाचेलच असं नाही. पण बाराचे वीस झाले तर जी मजा तू शोधते आहेस ती तिथे आहे, ऐंशीत नव्हती.

वीसवर पोचलीस की तुला शाळेचा प्रश्न पडेल. शाळा नसेल तर पोरं दहाव्या वर्षी कामाला लागतात. शाळा बांधलीस तर तेच हात सोळा-सतरापर्यंत वर्गात बसणार, शिक्षकाचा एक माणूस वेगळा जाणार, आणि तेवढी वर्षं तुला त्यांना बसवून खाऊ घालायचं. शिकून निघाले की जास्त पिकवतात, पण तोवर तग धरला पाहिजे. वीस माणसांच्या गावात मी शाळा बांधतो. दोनदा त्यापायी माझं गाव मेलंय, तरी बांधतो. तू बांधणार नाहीस असा माझा अंदाज आहे. काय केलंस ते कळव, मग फोनवर भांडू.

तुझा,
काका