गाडीत अँप्लिफायर बसवून घेताना वायरिंग बघा

स्पीकर आवडीचे घ्या, पण गाडी दुकानात सोडण्याआधी वायरिंग ठरवून घ्या. ५०० वॉट आरएमएसच्या (म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीच्या) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या अँप्लिफायरला ४ गेज जाडीची निव्वळ तांब्याची केबल आणि ६० अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत हवा, डिकीत नव्हे. बॅटरी आणि फ्यूजमधली केबल घासून बॉडीला टेकली, तर ती थेट पेटते; तिथे फ्यूज वाचवत नाही. केबल पुढेही कुठे घासू नये म्हणून फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रॉमेट (कडेला बसणारी रिंग) आहे ना, वाकून बघा. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायला लावा. रेस दिल्यावर स्पीकरमधली शिट्टी चढत गेली, तर दोष बहुधा अर्थिंगमध्येच, नाहीतर आरसीए (स्टिरिओतून अँप्लिफायरला सिग्नल नेणारी केबल) पॉवर केबलला चिकटून ओढलेली असते. आणि अँप्लिफायरवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे; तो स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवून घ्यायचा असतो. तो पूर्ण फिरवून ‘बघा दणका’ म्हणणाऱ्याचा हात तिथेच धरा!