दस्ता आधी, दुर्बीण नंतर
वाचकांचे प्रश्न : हौशी नेमबाजी

प्रश्न : ताई, वय 43. वर्षभर रेंजवरच्या रायफलीवर सराव करतोय. आता स्वतःची पॉइंट टूटू (.22 कॅलिबरची रायफल) घ्यायची आहे. स्पर्धा वगैरे डोक्यात नाही, सुट्टीच्या सकाळी कागदाला भोकं पाडायची एवढंच. एक मित्र म्हणतो सेमी-ऑटोमॅटिक घे, दुसरा म्हणतो बोल्टशिवाय दुसरं काही बघू नकोस. मी तूर्त दुर्बिणींची माहिती वाचत बसलोय.

दुर्बिणींची माहिती आधी मिटून ठेवा. परवाना, रायफल घरात ठेवण्याचे नियम, रेंजची शिस्त हे तुमच्या भागात जे काही असेल ते वाचून घ्या आणि मग पुढचं बघा.

मित्रांपैकी चुकीचं कुणीच नाही. सेमी-ऑटोमध्ये चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप आत येतं. 1964 पासून बनत असलेली रुगर 10/22 घ्या. तिच्या गोल फिरत्या मॅगझिनमध्ये दहा काडतुसं मावतात आणि ती दहा कधी संपली ते कळत नाही. मजा येते, नाही कशाला म्हणू! पण ही जात काडतुसाच्या बाबतीत नखरेल. कमी जोराचं दिलं तर यंत्रणा पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी मध्येच अडकते. शिवाय काजळी लवकर धरते. बोल्टमध्ये प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट उघडायचा, पुंगळी बाहेर पडते, परत बंद करायचा. या चार सेकंदांत मागची गोळी कशी सुटली ते आठवायला सवड मिळते. पहिली रायफल म्हणून मी तरी बोल्टच सांगेन.

खरी गोष्ट मात्र दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाची आहे. माझी पहिली रायफल जुनी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल होती. कुणीतरी ती माझ्याहून वीतभर उंच माणसासाठी बेतून घेतलेली. सहा महिने मान दुखायची आणि गोळ्या खाली डावीकडे जायच्या. मी तीन कंपन्यांची काडतुसं बदलली, नळी घासघासून चकचकीत केली, एकदा चष्म्याचा नंबरही तपासून आले. शेवटी रेंजवरच्या एका वयस्कर नेमबाजाने रायफल माझ्या हातातून घेतली, रिकामी आहे ना ते पाहिलं, दस्त्यामागची पट्टी खोलली आणि आतले दोन ठोकळे काढून माझ्या तळहातावर ठेवले. बोलले काहीच नाहीत. त्याच दुपारी माझा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, निम्म्यावर आला. ते ठोकळे अजून माझ्या काडतुसांच्या डब्यात आहेत.

तेव्हा विकत घेण्याआधी एवढं करा. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला धरा, डोळे मिटून दस्ता खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, समोर दिसली तर ठीक. मान ताणून किंवा डोकं वर-खाली करून ती शोधावी लागली तर ती रायफल तुमची नाही, मग नळी कितीही नावाजलेली असो. वजनाचंही तसंच. उभं राहून मारायचं असेल तर तीन किलोच्या आसपास पुरे. खांद्याला लावून दोन मिनिटं थांबा, हात काय म्हणतात ते कळेल. चाप काडी मोडावी तसा एकदम सुटला पाहिजे, रबर ताणल्यासारखा नको. एक ते दीड किलोचा ओढ हौशी माणसाला चांगला. त्याहून हलका चाप नवख्याने मागूच नये.

प्रश्न : एकाच रायफलीतून 50 मीटरवर काडतुसांच्या एका डब्याचा ग्रुप दोन सेंटीमीटरचा येतो, दुसऱ्याचा पाच. पाचवाला डबा जास्त वेगाचा आणि महाग आहे. मग फसवलं का मला?

फसवलं नाही कुणी. पॉइंट टूटू लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून चालत आलंय आणि त्याची रचना अजून जवळजवळ तशीच आहे. पेट घेणारा मसाला मध्यभागी नसतो, पुंगळीच्या काठात गोल पसरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नाही की वेग मागेपुढे होतो. चांगल्या डब्यात तुम्ही पैसे मोजता ते या सारखेपणाचे. वेग ही वेगळीच गोष्ट आहे.

आता वेगाचं. नेहमीची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची. स्टँडर्ड डब्यातली ती सेकंदाला साधारण 325 मीटरने सुटते, म्हणजे आवाजापेक्षा किंचित हळू. हाय व्हेलॉसिटीवाली 380 च्या घरात सुटते आणि वाटेत कुठेतरी आवाजाच्या वेगाखाली उतरते. त्या उतरणीवर तिला हिसके बसतात. आणखी एक गंमत, जी मला बरीच वर्षं पटत नव्हती : आडव्या वाऱ्यात जास्त वेगाची गोळी जास्त सरकते. कारण तिचा वेग हवेत फार झपाट्याने मरतो आणि वारा नेमका त्याचाच फायदा घेतो. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा असेल तर स्टँडर्ड गोळीसुद्धा 50 मीटरवर सुमारे अडीच सेंटीमीटर ढकलली जाते. तुमच्या पाच सेंटीमीटरमधला किती वाटा वाऱ्याचा होता, ते बघितलंत का?

पाच प्रकारचे एकेक डबे आणा, बहुतेक स्टँडर्ड वेगाचे. एकाच दिवशी, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, प्रत्येकाचे पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप मारा. डबा बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजू नका. नळीत आधीच्या काडतुसाचं मेण असतं, ते निघून नव्याचं बसायला तेवढ्या लागतात. नळीला कोणता डबा आवडतो हे नळीच ठरवते, आणि कधी कधी ती स्वस्तातला निवडते. मग त्याच लॉट नंबरचे जमतील तेवढे घेऊन ठेवा.

एखादं काडतूस फुटलंच नाही तर लगेच बोल्ट उघडायची घाई नको. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा.

प्रश्न : वय 61. माशी अंधूक दिसते, माशीवर नजर ठरवली की टार्गेट पुसट होतं. आता दुर्बीण लावणं भाग आहे का?

भाग नाही. आधी पीप साइट लावून बघा. मागे बारीक छिद्राची चकती असते, त्यातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतं आणि नजर आपसूक मधोमध येते. टार्गेट थोडं पुसट राहिलं तर राहू दे, माशी मात्र कोरीव दिसायला हवी. चष्मा करताना डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून डॉक्टरांना सांगा. वाचायचा चष्मा तिथे कामाचा नाही.

दुर्बीण घेतलीतच तर रिमफायरसाठी, म्हणजे काठात मसाला असलेल्या अशाच काडतुसांच्या रायफलीसाठी बनवलेली घ्या. तिचा पॅरलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण टार्गेटवर सरकल्यासारखी दिसते तो दोष) साधारण 45 मीटरला जुळवलेला असतो, मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींचा त्याच्या दुप्पट अंतरावर. चारपट पुरते. बारापट लावलीत तर स्वतःच्या नाडीचे ठोके बघत बसाल. आणि एके दिवशी गोळ्या अचानक भरकटू लागल्या तर आधी दुर्बीण धरून ठेवणाऱ्या माउंटचे स्क्रू तपासा.

प्रश्न : घरी रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा सराव केला तर चालतो?

पॉइंट टूटूत सांभाळून. आत काही नसेल तर फायरिंग पिन थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या काठावर आपटू शकते. तुमच्या रायफलीची पुस्तिका 'चालेल' म्हणत असेल तर ठीक, नाहीतर नकली काडतूस, म्हणजे स्नॅप कॅप, घाला. खरी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत. स्प्रिंगवाल्या एअर रायफलीवर मात्र छर्रा न घालता चाप ओढूच नका. पुढे अडवायला छर्रा नसला की पिस्टन जोरात आदळतो.

प्रश्न : चार महिन्यांत कंटाळा आला. ग्रुप आहे तेवढाच राहतो. बाटल्या किंवा डबे मांडून बघू का?

बाटल्या नकोत, दगड नकोत, पाण्याकडे तर मुळीच नाही. मऊ शिशाची ही गोळी सपाट कोनात आपटली की उसळते, आणि वर सुटली तर दोन किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते. मागे मातीचा भरभक्कम बांध असल्याशिवाय काहीच मांडायचं नाही. लोखंडी टार्गेट हवं असेल तर नेमबाजीसाठीच बनवलेलं घ्या. ते पुढे झुकवून टांगलेलं असतं, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीकडे जातात. त्यापासून किती लांब उभं राहायचं ते बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, तेही पाळा.

कंटाळ्यावर माझा उपाय असा. एका कागदावर नाण्याएवढी 25 वर्तुळं काढा. प्रत्येकाला एकच गोळी, चुकली तर चुकली. एरवी निवांत असणारा माणूसही विसाव्या वर्तुळाला घामेजतो. किंवा टार्गेट उलटं लावा आणि कोऱ्या कागदाच्या मध्यावर मारा. नाहीतर दहा गोळ्या गुडघ्यावर, दहा पालथं पडून, दहा उभ्याने. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळे यांनी ब्राँझ मिळवलं तो 50 मीटर थ्री पोझिशन प्रकार याच कॅलिबरचा आहे. त्यातलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. एकदा कागदावर काढून बघा, करंगळीच्या नखाएवढं भरेल.

आणि गोळी सुटली की लगेच टार्गेट बघायच्या दुर्बिणीकडे धावू नका. चाप सुटला त्या क्षणी माशी कुठे होती ते आठवून मोठ्याने सांगा, 'उजवीकडे, किंचित वर'. मग बघा. हा खेळ मी अजून खेळते. अंदाज बरोबर निघाला की नऊसुद्धा दहासारखा वाटतो.

कानाला मफ लावता ना? एवढीशी गोळी म्हणून पुष्कळजण टाळतात, पण छपराखाली तिचा आवाज चांगलाच बसतो. परतताना हात थंड पाण्याने साबण लावून धुवा, खाणं त्यानंतर. बोटांना शिसं लागलेलं असतं, दिसत नसलं तरी.