प्रार्थनेत नवीन पेटी धरली त्याच्यासाठी

भाऊ, गावच्या सामुदायिक प्रार्थनेत पेटी (हार्मोनियम) हाती घेतली हे बेस झालं, राग-ताना सध्या बाजूलाच ठेव. पहिले पट्टी बघ, म्हणजे पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा ते. नव्या पोरांची खोड अशी का स्वतःच्या गळ्याला शोभते म्हणून काळी चार-पाच, म्हणजे उंच पट्टी, धरतात, आन् अंतरा आला का मागचे बुढेबुढ्या गप, मग एकटाच गाऊन राहिला तू! पांढरी एक-दोनात सुरू कर, वरच्या ओळीला कोण गप होते ते पाह्य आन् तशी खाली घे.

- ओळ म्हटली का थांब, लोकायले म्हणू दे. त्यांच्या आवाजावर पेटी चढवू नको.
- खंजिरीवाल्याच्या बाजूले बस, लय पळाली का डोळ्यानं सांग. पावसाळ्यात चामडं ढिलं पडते, आधी शेकून घ्या.
- माईकचा एको बंद! अर्ध्या गावाले शब्दच समजत नाही.

तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीले गुरुकुंज आश्रम उभारला, तिथली संध्याकाळची प्रार्थना एकदा मागं बसून ऐक, सूर किती साधे असतात ते समजन. आन् मौनाच्या वेळी भात्यावरून हात काढ, नवीन पोरं उगाच सूर धरून ठेवतात. तबला-बिबला पुढच्या वर्षी पाहू.