शुश्रूषेचे काम आणि ‘मनावर न घेण्याची’ अपेक्षा

प्रश्न : मी एका घरी वृद्ध रुग्णाची शुश्रूषा करते. अंघोळ घालताना ते नको तिथे हात लावतात. घरचे म्हणतात, ‘आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका.’ हा लैंगिक छळ ठरतो का?

उत्तर : ठरू शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ मधील १९० क्रमांकाच्या करारानुसार, जिथे काम चालते ते खासगी घरही कामाचे ठिकाणच असते आणि सोबतच्या शिफारशीत रुग्णांकडून होणाऱ्या छळाचाही उल्लेख आहे. स्मृतिभ्रंशामुळे रुग्णाला आपल्या वागण्याचे भान नसेल, तर त्याला दोष देता येणार नाही. पण म्हणून काम देणाऱ्याची जबाबदारी संपत नाही, आणि नेमका हाच फरक घरचे सोयीस्करपणे पुसून टाकतात. माया, सोशिकपणा हे बायकांचे उपजत गुण मानले जात असल्यामुळे सहन करणे हाही पगारात धरलेला कामाचा भाग समजला जातो. शिवाय बंद घरात ना सहकारी असतात, ना साक्षीदार. अंघोळीच्या वेळी घरातील दुसरी व्यक्ती हजर असावी, अशी लेखी मागणी करा आणि प्रत्येक प्रसंगाची तारीखवार नोंद ठेवा.