प्राध्यापकपदाच्या छाननीत अर्ज बाद झाला, आता काय?

प्रश्न : महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाने भौतिकशास्त्र विभागासाठी प्राध्यापकाचे एक पद जाहीर केले. विशेष विषय होता निरीक्षणात्मक खगोलभौतिकी, त्यातही आपल्या आकाशगंगेबाहेरच्या दीर्घिकांचा अभ्यास. माझी पीएच.डी. खगोलशास्त्रातली आहे. त्यानंतर परदेशात 5 वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधन केले आणि गेली 6 वर्षे एका राष्ट्रीय संशोधन संस्थेत कायम शास्त्रज्ञ आहे. 7 शोधनिबंधांत मी पहिली लेखिका आहे, 11 निबंधांत मोठ्या गटातली सहलेखिका. सगळे निबंध 2 ते 5 इम्पॅक्ट फॅक्टरच्या (नियतकालिकातले निबंध सरासरी किती वेळा उद्धृत होतात, याचा आकडा) नियतकालिकांत आले आहेत. एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी.ची मी सहमार्गदर्शक होते. तरी छाननी समितीने मला अपात्र ठरवले. कारणे तीन : पीएच.डी. भौतिकशास्त्रात नाही, 10 वर्षांचा अनुभव नाही, आणि संशोधन गुण 120 हवेत तिथे 65.6 भरतात. हरकत घ्यायला 7 दिवस आहेत.

उत्तर : सर्वांत आधी गुणांचे पाहू, कारण समितीची चूक तिथे आकड्यांतच दिसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 18 जुलै 2018 चे विनियम राज्य शासनाने 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात लागू केले. त्यांत विज्ञान शाखेच्या प्रत्येक शोधनिबंधाला मूळ 8 गुण आहेत. लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा करस्पॉन्डिंग (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला त्यातले 70 टक्के आणि इतर प्रत्येकाला 30 टक्के मिळतात. आता हिशेब करा. पहिल्या लेखिकेचे 5.6 गुण गुणिले 7, म्हणजे 39.2. सहलेखिकेचे 2.4 गुणिले 11, म्हणजे 26.4. बेरीज नेमकी 65.6. याचा अर्थ समितीने फक्त मूळ गुण धरले आणि इम्पॅक्ट फॅक्टरचे वाढीव गुण मोजलेच नाहीत. 2 ते 5 इम्पॅक्ट फॅक्टरसाठी ते 20 आहेत. हे 20 मूळ 8 च्या जागी धरले तरी तुमचे गुण 98 अधिक 66, म्हणजे 164 होतात. 8 मध्ये मिळवले तर आणखी वाढतात. कोणताही अर्थ लावा, 120 ची अट पूर्ण होते. हरकतीच्या अर्जात हा हिशेब निबंधवार तक्त्यात मांडा. इम्पॅक्ट फॅक्टरचा पुरावा जोडा. 11 निबंधांपैकी एखाद्यात तुम्ही करस्पॉन्डिंग लेखिका असाल तर तेही ठळक दाखवा.

पीएच.डी.चा आक्षेप तर टिकणाराच नाही. विनियमांत संबंधित, संलग्न किंवा सुसंगत विषयातली पीएच.डी. चालते. दीर्घिकांचा वर्णपट घेऊन त्यांचे अंतर आणि वय काढणे हे भौतिकशास्त्रच आहे. ज्या विद्यापीठाने जाहिरातीत हाच विशेष विषय मागितला, त्याने त्याच विषयातली पदवी नाकारावी, हे मला पटत नाही. प्रबंधाचा सारांश आणि संशोधन केंद्र कोणत्या विद्याशाखेत होते याचा दाखला सोबत द्या.

अनुभवाच्या मुद्द्यावर मात्र तुमची बाजू नाजूक आहे, हे स्पष्ट सांगतो. संस्थेतली 6 वर्षे धरली तरी आणखी 4 हवीत, म्हणजे पोस्टडॉकची बहुतेक वर्षे मोजली जायला हवीत. तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा मोजता येते, पण त्या पदाची पात्रता आयोगाच्या निकषापेक्षा कमी नसावी, निवड रीतसर समितीने केलेली असावी आणि एकूण वेतन नियमित शिक्षकापेक्षा कमी नसावे. परदेशातल्या पदाची जाहिरात, निवडपत्र आणि वेतनाचा दाखला आजच ईमेलने मागवा. सहमार्गदर्शनासाठी त्या विद्यापीठाचे अधिकृत पत्र हवे. विद्यार्थिनीने प्रबंधात मानलेले आभार पुरणार नाहीत. विनियमांत याला पर्यायी दुसरा मार्गही आहे : 10 वर्षांचा अनुभव आणि ज्ञानात भरीव भर घातल्याचा पुरावा असलेला, पीएच.डी.धारक नामवंत व्यावसायिक. त्याखालीही विचार व्हावा, अशी पर्यायी मागणी हरकतीतच नोंदवा.

हरकत फेटाळली, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मात्र चांगला उमेदवार कोण, हे न्यायालय ठरवणार नाही. म्हैसूर विद्यापीठ विरुद्ध गोविंद राव या सर्वोच्च न्यायालयाच्या 1963 च्या निकालापासून तज्ज्ञ समितीच्या मताला न्यायालये मान देत आली आहेत. म्हणून याचिकेत विद्वत्तेची तुलना नको. नियम डावलून गुण मोजले, एवढ्याच मुद्द्यावर उभे राहा. निकष मध्येच बदलल्याचे दिसले तर तेज प्रकाश पाठक प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 7 नोव्हेंबर 2024 चा निकाल कामी येईल : भरती सुरू झाल्यावर नियमांत तशी मुभा नसेल तर पात्रतेचे निकष बदलता येत नाहीत.

माहितीच्या अधिकारात छाननीचे इतिवृत्त आणि तुमचा गुणतक्ता आजच मागा. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून हरकत त्यासाठी थांबवू नका.

पोस्टडॉकचे कागद वेळेत आले नाहीत, तर ते मागवल्याचा पुरावा जोडून हरकत मुदतीत द्या आणि पोच घ्या. हरकतीनंतर मुलाखतीला बोलावले आणि निवड समितीच्या रचनेतही दोष दिसला, उदाहरणार्थ बाहेरचे किमान दोन विषयतज्ज्ञ हजर नाहीत, तर मुलाखतीआधीच लेखी नोंदवा. गप्प राहून मुलाखत दिल्यावर त्याच रचनेला आव्हान देणाऱ्याला न्यायालय सहसा दाद देत नाही. आणि बोलावलेच नाही, तर मुलाखतीच्या तारखेआधी याचिका दाखल करून निकालाच्या अधीन राहून मुलाखतीला बसू देण्याचा अंतरिम आदेश मागा.